येताना पाणी घेऊन या

माझ्या घरात एक माणूस नऊ वर्षं भाड्यानं राहिला, आणि तेरा दिवस सोडले तर त्यातली एक सकाळही त्यानं आमच्या घड्याळानं बघितली नाही.

आमचं घर मिरजगावच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून आहे. पुढच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. मोबाईलचा टॉवर आमच्या बांधाला आहे, तो बघून हा माणूस आला. म्हणाला, "भिंती कशाही असू द्या, मला रेंज पाहिजे." मूळचा आमच्याच गावचा. त्याच्या घरात बापजाद्यांपासून गावाचं दप्तर लिहायचं काम. भाऊ घर विकून शहरात गेले. हा मुंबईला गेला, तिथून एका बोटीवर कारकून म्हणून चढला, आणि वाटेत ताप भरला म्हणून एका बंदरात उतरला तो तिथंच राहिला. भूमध्य समुद्राच्या काठाला, डोंगराच्या उतरणीवर वसलेलं शहर. त्याचं नाव माझ्या जिभेला कधी वळलं नाही, आणि तोही नाव न घेता 'आमचं बंदर' एवढंच म्हणायचा. त्या बंदराच्या कचेरीत त्यानं उभी हयात काढली. लग्न केलं नाही. म्हातारपणी परत आला, पण काम काही सुटलं नव्हतं.

काम काय, तर क्रूझच्या बोटींना बोलावणं धाडायचं. मला हे समजायला वर्ष गेलं. क्रूझ म्हणजे मालाची बोट नव्हे. माणसं हौसेनं तिच्यात बसतात, खातात, नाचतात, आणि रोज एका नव्या गावाला उतरून ते बघून परत चढतात. तरंगतं लॉज म्हणा. कुठल्या बंदराला थांबायचं ते बोटींच्या कंपन्या ठरवतात. तर आमच्या बंदराला या, ते असं आहे, तसं आहे, हे त्या कंपन्यांना लिहून पटवायचं. तिकडची माणसं काहीबाही लिहून पाठवायची आणि हा इथं माझ्या पडवीत बसून ते नीट करायचा. त्याच्या सहीचं पत्र असलं की कंपन्यांचा भरवसा बसायचा, असं तो सांगायचा. फुशारकी मारायची त्याला सवय नव्हती, तेव्हा खरंच असणार. गावानं त्याचं नाव बोटवाले ठेवलं. मीही तेच म्हणायचो.

आल्या आल्या त्यानं भिंतीला एक घड्याळ ठोकलं. ते त्या बंदराच्या वेळेवर चालायचं. उन्हाळ्यात आपल्यामागं साडेतीन तास, थंडीत साडेचार. तिकडं वर्षातून दोनदा घड्याळ बदलतात म्हणे. त्या दिवशी हा स्टुलावर चढून काटा फिरवायचा आणि खाली उतरून हात धुवायचा, पूजा आटपल्यासारखा.

पहिल्याच आठवड्यात आमची कारभारीण बाराच्या सुमाराला ताट घेऊन गेली.

"भावजी, जेवून घ्या."

"वहिनी, आत्ता कुठं साडेआठ वाजलेत."

"कुठं वाजल्यात?"

"तिकडं."

तिनं घड्याळाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "तिकडं वाजू द्या की. पोट हितं हाय न्हवं?"

त्यानं खरंच विचार केला. कसलाही प्रश्न असो, तो आधी विचार करायचा. मग म्हणाला, "पोट इथं आहे, पण त्याला वळण तिकडचं आहे."

ती ताट घेऊन माघारी आली आणि मला म्हणाली, "डोस्क्यानं जरासा हाय. पर मानूस खोटं बोलनारा न्हाई." त्या दिवसापासून उन्हाळ्यात साडेचारला आणि थंडीत साडेपाचला त्याची भाकरी तव्यावर पडायची. मला एखाद्या दिवशी वाढायला उशीर झाला असेल, त्याला कधी झाला नाही.

दारात कुणीही आलं की तो पुढं व्हायचा. आधी तांब्याभर पाणी, मग प्रश्न ठरलेला. "किती तास थांबणार?" विजेचं मीटर बघायला आलेला माणूस, शेळ्यांचा डॉक्टर, माझा मेव्हणा, कुणीही असो. माणूस म्हणाला की तासभर, तर हा कागद घेऊन तासाभरात आमच्या गावात काय बघण्यासारखं आहे ते काढून द्यायचा. वेशीवरचा मारुती, जुनी बारव, सुताराचा नेट, म्हणजे त्याचं काम चालतं ती जागा. मेव्हणा म्हणाला, "मी चहा पिऊन चाललो." तर याचं तोंड पडलं. मला नंतर म्हणाला, "आबा, चहा पिऊन जाणारा पाहुणा गावाला महागात पडतो. कप विसळायचं पाणी जातं आणि गाव त्याला दिसत नाही."

"तो माझा मेव्हणा हाय," मी म्हणालो. "त्यानं गाव तीस वर्सं बघितलंय."

"मग त्याला नवीन काहीतरी दाखवायला हवं होतं," हा म्हणाला, आणि दोन दिवस त्याच काळजीत होता.

मिरजगावच्या बाजाराला गेला की खिशातून त्या बंदराची चित्रं काढायचा. एक त्यानं स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात चिकटवलं होतं, साईबाबांच्या कॅलेंडरशेजारी. निळं पाणी, पांढरी घरं, वर चढत गेलेल्या पायऱ्या. हॉटेलवाला एकदा गंमतीनं म्हणाला, "बोटवाले, तिकडं कांदा कसा किलो?" दुसरा कुणी असता तर हसला असता. यानं वहीत लिहून घेतलं. बंदराच्या कचेरीला कळवलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं तेव्हा मुद्दाम एसटीनं मिरजगावला गेला आणि हॉटेलवाल्याला भाव सांगून आला. हॉटेलवाला आपण काय विचारलं होतं ते विसरून गेला होता.

पण मला सांगायचंय ते त्याच्या लिहिण्याचं.

तो लिहायचा इंग्रजीत आणि तिकडच्या भाषेत. लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे बघायची त्याची रीत अशी, की एकेक वाक्य मराठीत करून आमच्या कारभारणीला वाचून दाखवायचं. ती चुलीपुढं, हा उंबऱ्यावर. तिला अक्षर येत नव्हतं. ती मोठ्यानं हसायची नाही, पदर तोंडाला लावायची आणि खांदे हलायचे. खांदे हलले की हा लाल पेनानं वाक्य खोडायचा. का हसलात म्हणून विचारायचा नाही.

"ऐका वहिनी. आमच्या बंदरात पाऊल ठेवताच काळ थांबतो."

"काळ थांबल्यावर म्हशीची धार कोन काढतं?"

खोडलं.

"समुद्राची निळाई तुम्हाला कुशीत घेईल."

"बुडतंय व्हय मानूस?"

खोडलं. मी खाटेवर बसून म्हणायचो, "अगं, त्याचं काम हाय ते, कशाला खोडून घेतीस?" तर तोच मला हात करायचा, बोलू नका म्हणून.

मग एका सालापासून तिकडून नवीनच टूम निघाली. आपलं बंदर टिकाऊ आहे असं लिहा. बोटी फार झाल्या, गर्दी फार झाली, तिथले लोक कुरकुरायला लागले, तेव्हा इथून पुढं जे बंदर टिकाऊ त्याच्याकडं शहाण्या कंपन्या वळणार, असं त्या कचेरीतल्या मुख्य बाईंचं म्हणणं. यानं ते उंबऱ्यावर वाचलं.

"टिकाऊ म्हंजी?" ती म्हणाली. "घोंगडी टिकाऊ असती. गाव कसं टिकाऊ?"

"म्हणजे आज जसं आहे तसं पुढंही राहील. पाहुणे आले म्हणून त्याची नासाडी होणार नाही."

"मग तसं म्हना की." तिनं भाकरी उलटली. "एका बोटीत मानसं किती असत्यात?"

"मोठी असली तर आपलं मिरजगाव उठून आलं असं समजा."

"आन ती पानी कुठलं पित्यात?"

बोटवाल्याला त्या बंदराची पायरी न् पायरी माहीत होती. देवळाची घंटा कुणी ओतली ते माहीत होतं. हे माहीत नव्हतं. त्यानं पेन खिशाला लावलं आणि उठून गेला.

उत्तर आलं आठवड्यानं. उन्हाळ्यात बोटी धक्क्याला लागल्या की शहराच्या नळातून टाक्या भरून घेतात, आणि त्या दिवसांत डोंगरावरच्या जुन्या आळीत नळाला एक दिवसाआड पाणी येतं. त्या आळीत एका म्हातारीच्या घरी हा पहिली कितीतरी वर्षं भाड्यानं राहिला होता. "ती पहाटे उठून बादल्या भरून ठेवायची," तो म्हणाला. "मला वाटायचं, तिची सवय आहे. आणि मी खाली कचेरीत बसून बोटींना बोलावणं लिहीत होतो, आबा."

तेव्हा कारभारणीनं त्याला आमच्या थोरलीच्या लग्नाची हकीगत सांगितली. मला ती हकीगत आवडत नव्हती, कारण तिच्यात मी वेडा ठरतो. पण सांगतो.

थोरलीचं लग्न ठरलं त्या साली दुष्काळ होता. गावाला टँकर यायचा, तो आठवड्यातून एकदा, आणि घरटी हंडे ठरलेले. व्याही कोल्हारचे, प्रवरेच्या काठचे. पाण्यात वाढलेली माणसं, त्यांना टँकर ठाऊक नाही. व्याही याद्या करायला आले. मी फेटा बांधून बसलेलो. कारभारीण चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "दादा, वऱ्हाड कितीबी आना. जेवान आमी घालू. पर पानी न्हाई आमच्यात. येताना पानी घेऊन या."

मी तिच्याकडं डोळे वटारले. व्याह्यांची मिशी ताठ झाली. "आमी पावनं का पखाली?"

"पावनंच," ती म्हणाली. "म्हनून तर खरं सांगितलं. परक्याला सांगितलं नसतं."

चहा तसाच ठेवून व्याही उठले. आठ दिवस निरोप नाही. लेक रडायची. मी हिला नको नको ते बोललो. म्हणालो, पोरीचं लगीन मोडलंस तू जिभेनं. ती म्हणाली, "मोडलं तर मोडलं. लोकांच्या हंड्यातलं पानी काढून मला लेकीचं लगीन नगं. आन येनारं मानूस आपलं असलं तर पानी आनील. नसलं तर न आल्यालं बरं."

नवव्या दिवशी निरोप आला की तारीख तीच. लग्नाच्या दिवशी आम्ही वेशीत उभे. ताशाचा आवाज आला आणि वळणावरून आधी टँकर निघाला, मागं वऱ्हाडाच्या गाड्या. टँकरला झेंडूच्या माळा, बॉनेटला कुंकू, आणि ड्रायव्हरशेजारी गुलाबी फेट्यात आमचे व्याही. खाली उतरून हिला म्हणाले, "घ्या इहीनबाई, पावनं आलं पानी घेऊन." उरलेलं पाणी त्यांनी गावाच्या टाकीत सोडलं. आजही त्यांचं नाव निघालं की गावातल्या बाया आधी तो टँकर सांगतात.

बोटवाल्यानं ही हकीगत तीनदा सांगायला लावली. माळा किती होत्या, टँकर कुठल्या रंगाचा, सगळं लिहून घेतलं. मग महिनाभर तो वेगळाच माणूस झाला. कुणाकुणाला फोन करून त्यानं माहिती काढली. बोटींना समुद्राचं पाणी गोडं करायची यंत्रं असतात, ती भर समुद्रात चालवायची, धक्क्याला लागण्याआधी टाक्या भरायच्या. बंदरात आयता नळ असल्यावर कशाला कोण चालवतंय. हिवरे बाजारला जाऊन आला, गाव आधी पाणी मोजून मग पीक कसं ठरवतं ते बघून. बूट चिखलानं भरलेले, तोंड लग्नाहून आल्यासारखं. आणि मग त्यानं बोलावणं लिहिलं. आमचं बंदर टिकाऊ आहे, कारण आम्ही पाहुण्यांना खरं सांगतो. उन्हाळ्यात आमच्याकडं पाणी कमी असतं. या, पण टाक्या भरून या.

उंबऱ्यावर वाचून दाखवलं. कारभारणीनं भाकरी थापता थापता ऐकलं. खांदे हलले नाहीत.

"आसंच धाडा," ती म्हणाली.

त्यानं धाडलं. आणि तिकडून काही उत्तर यायच्या आत, पौषात, ती गेली. तीन दिवसांचं दुखणं. त्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. मला ते जमत नाही.

तेरा दिवस बोटवाल्यानं घड्याळाकडं बघितलं नाही. आमच्याबरोबर आमच्या वेळेला बसायचा, खायचा, ताट घासून पालथं घालायचा. पाहुणे पांगले, लेकी सासरी गेल्या, आणि घरात आम्ही दोन म्हातारे राहिलो. भाकरी मला येत नाही. त्यालाही येत नाही. तो तिकडच्यासारख्या जाड शेवया उकडून त्यात कांदा-टोमॅटो घालायचा. गिळगिळीत प्रकार. मी खायचो. पहिल्या दिवशी म्हणालो, "बोटवाले, हे कुनाला खायला बोलवू नका, येनारी बोट माघारी फिरंल." तर पेन काढून वहीत लिहायला लागला. मग माझ्या लक्षात आलं की मी चेष्टा केली, आणि तिच्यामागं पहिल्यांदाच केली.

माघात तिकडून कागद आला. मुख्य बाईंनी त्याचं बोलावणं बदललं होतं. पाण्याचा सगळा मजकूर काढून एक वाक्य घातलं होतं, आणि सही मात्र याची हवी होती, कारण कंपन्या ओळखतात याला. बाईंनी लिहिलं होतं, पाहुण्याला बोलवायचं आणि वर पाणी आणायला सांगायचं, हे शोभतं का? सही करणार नसाल तर वाईट वाटतं, पण हे काम आम्ही शहरातल्या जाहिरातवाल्या कंपनीला देऊ. त्याच्या खाली, मन दुखावलं असल्यास माफ करा.

त्याचा पुण्याचा पुतण्या वर्षभर मागं लागला होता, काका, या आता आमच्याकडं. तो मला म्हणाला, "आबा, काम गेलं तर रेंजसुद्धा नको मला. मग इथं राहून काय करू? पुण्याला जावं लागेल."

साडेपाच वाजले होते. चूल गार होती. तो सवयीनं उंबऱ्यावर बसला, मी सवयीनं खाटेवर. कागद हातात धरून म्हणाला, "वाचतो." आणि वाचलं, "आमच्या बंदराला पाण्याची कसलीही वाण नाही, बोटींनी निश्चिंत यावं."

वाचून माझ्याकडं बघत राहिला.

मला समजलं काय करायचंय ते. तिच्या जागेवर मी होतो. खरं सांगतो, पोटातून हसू आलं. पाण्याची वाण नाही म्हणे. पण मी ते दाबलं. मला दिसत होत्या त्या पुढच्या दोन खोल्या, कुलूप घातलेल्या. मला दिसत होता साडेपाच वाजल्यानंतरचा वेळ. म्हणालो, "चांगलं हाय. करा सही. धाडून द्या."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," तो म्हणाला. कागदाची घडी घातली. "उद्या धाडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रांजणातून तांब्या भरून घेत होतो. रांजणाच्या गळ्याला तिनं बांधलेलं फडकं अजून तसंच होतं. आता काही दुष्काळ नाही, नळ आहे. तरी ती पाणी गाळून, झाकून, मापानं घ्यायची. मी तांब्या हातात धरून तिथंच बसलो. ही बाई, लेकीचं लग्न मोडतंय हे दिसत असताना पाण्याच्या बाबतीत एक शब्द खोटं बोलली नाही. आणि मी एका भाडेकरूपायी बोललो. तेही तिच्या चुलीपुढं बसून.

मी तसाच पडवीत गेलो. त्याच्या घड्याळात पहाट होती. तो जागाच होता. कागद टेबलावर, सही नाही.

"बोटवाले, काल मला हसू आल्तं," मी म्हणालो. "मी दाबलं."

"माहीत आहे. तुमची मिशी हलली होती."

"मग तवाच का बोलला न्हाई?"

त्यानं त्याच्या सवयीप्रमाणं आधी विचार केला. मग म्हणाला, "मलाही इथंच राहायचं होतं, आबा."

मी हातातला तांब्या त्याच्या टेबलावर ठेवला. मग मी म्हणालो, "ती असती तर खांदं गदागदा हलवून हासली असती." आणि तो म्हणाला, "मला तोंडात पदर दिसतोय." त्यानं लाल पेन घेतलं आणि ते वाक्य खोडलं. कागद फाटेस्तोवर खोडलं. त्याच बैठकीला मुख्य बाईंना पत्र लिहिलं. त्यात कोल्हारच्या व्याह्यांची सगळी हकीगत घातली. पखाली घातला, चहा टाकून उठणं घातलं, माळा घातल्या. ती म्हणाली होती तेही घातलं, की परक्याला सांगितलं नसतं. शेवटी लिहिलं, सही करीन तर याच्याखाली. मी एकच म्हणालो, "मी डोळं वटारलं ते काढा." त्यानं ते काढलं नाही.

महिना गेला. काही नाही. काम यायचं बंद झालं. तरी तो त्याच्या वेळेला उठून, आंघोळ करून, टाय बांधून टेबलाशी बसायचा, खाली पायजमा. मोबाईल पुढं ठेवून बघत राहायचा. पुतण्याला त्यानं हो सांगितलं. चित्रं भिंतीवरून काढून गुंडाळली. मी मदत केली नाही. मी म्हशीकडं जाऊन बसायचो.

फाल्गुनात एका दुपारी त्यानं मला हाक मारली. तिकडून बाईंचं पत्र होतं. त्याचं पत्र त्यांनी रागानं बाजूला ठेवलं होतं. मग डोंगरावरच्या आळीतल्या लोकांची बैठक झाली, ते बोटी नकोतच म्हणून भांडायला आलेले. तेव्हा बाईंना काही सुचेना आणि त्यांनी ती टँकरची हकीगत वाचून दाखवली. लोक ऐकत राहिले म्हणे. एक म्हातारा उठून म्हणाला, असे पाहुणे येणार असतील तर येऊ द्या. मग बाईंनी बोलावणं याच्या शब्दांत धाडलं. मोठ्या कंपन्यांतल्या काहींनी नाक मुरडलं. एक लहान बोटीचा कप्तान उलट टपाली म्हणाला, आम्ही भर समुद्रातच भरून घेऊ, आम्हाला आजवर कुणी हे सांगितलंच नाही. आणि बाईंनी लिहिलं होतं, या बोटीचं स्वागत तुम्हीच करायचं. हंगामभर इकडं या. राहायची सोय डोंगरावरच्या आळीत केली आहे.

मी विचारलं, "वय काय तुमचं?"

"तिकडं का इकडं?" तो म्हणाला. एवढी एकच चेष्टा मी त्याच्या तोंडून ऐकली.

मिरजगावच्या स्टँडवर मी त्याला पोचवायला गेलो. एसटी यायची होती. हॉटेलवाल्यानं चहा दिला. कप पुढं करत मी म्हणालो, "किती तास थांबनार?" तो हसला नाही. म्हणाला, "तुमच्याकडं नऊ वर्षं थांबलो, आबा. पण काही बघायचं राहिलंय असं वाटतंय." मग गाडी आली. घड्याळ तो भिंतीवरच ठेवून गेला. म्हणाला, सेल संपले तर तेवढे बदला.

दोन महिन्यांनी, वैशाखात, साडेचारला मोबाईल वाजला. थोरलीनं मला मोबाईलवर समोरच्याचं तोंड दिसतं तसं बोलायचं शिकवलं होतं. तो धक्क्यावर उभा. टाय, टोपी, आणि या खेपेला खाली नीट पँट. मागं ते निळं पाणी, चित्रातल्यासारखं. बोट नुकतीच लागली होती. मला तर ती डोंगराएवढी वाटली, आणि तिला तो लहान म्हणत होता.

"आबा, टाक्या भरून आलीय. आम्ही स्वतः मोजून घेतल्या. आळीतल्या म्हाताऱ्या बघायला खाली उतरल्यात." मग त्यानं मोबाईल फिरवला. बोटीतून उतरायच्या शिडीला माळ बांधलेली होती. पिवळी फुलं आणि लिंबाचा पाला. "झेंडू मिळाला नाही इथं. कप्तानानं विचारलं, ही कसली पद्धत? मी त्याला म्हणालो, कोल्हारच्या व्याह्यांच्या टँकरला होती, तीच तुझ्या बोटीला घातली. तो पुढं झाला, आणि त्यानं टोपी काढून माळेला नमस्कार केला."

मला तो गुलाबी फेटा दिसला. ड्रायव्हरशेजारी बसलेला. वेशीत ही उभी, डोक्यावर पदर, आणि पहिल्यांदाच काय बोलावं ते न सुचलेली. आणि मला हसू फुटलं. दाबायच्या आत फुटलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना.

तिकडं तो माळेजवळ उभा राहून माझ्याकडं बघत होता. खिशाला लाल पेन होतंच.

"आबा," तो म्हणाला, "हसलात. काढून टाकू का?"

"न्हाई," मी म्हणालो. "ऱ्हाऊ द्या."

मग मी घड्याळाकडं बघितलं आणि त्याला विचारलं, "एक वाजला तिकडं. जेवला का?"